माउदाख खाडीची चाकोरी

बार्मथच्या पुलावर सायकल घातली की चाकांखाली फळ्या वाजू लागतात. एकामागून एक, एका सुरात, जवळजवळ अर्धा मैल. कठड्यापलीकडे रुळांची एकेरी जोडी असते. गाडी आली की सगळा लाकडी सांगाडा थरथरतो आणि सायकलवाले पाय टेकून तिला जाऊ देतात. खाली माउदाख नदीची खाडी. ओहोटीला सोनेरी वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि त्यांतून पाण्याच्या दोन-चार निळ्या दोऱ्या वाट शोधत समुद्राकडे जातात. भरती आली की हेच पात्र काठोकाठ भरतं आणि कादेर इद्रिस डोंगराची सावली पाण्यात उतरते.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही खाडी माउंटन बाइकवाल्यांना चांगली ठाऊक आहे. काठाने जाणारी सपाट वाट, डोक्यावरच्या खिंडींमधून जाणाऱ्या दगडी वाटा आणि नदीच्या वरच्या अंगाला कोइद अ ब्रेनिन या जंगलातले अवघड उतार, असे तीन तऱ्हेचे मार्ग इथे एकमेकांना लागून आहेत. आठवडाभर मुक्काम केला तरी ते संपत नाहीत.

या वाटांपैकी फार थोड्या सायकलसाठी काढलेल्या आहेत. बाकीच्या कुणाच्या ना कुणाच्या पोटापाण्याच्या वाटा होत्या. गुरांच्या खुरांनी, खाणीतल्या गाड्यांनी, आगगाडीने आणि लाकूड ओढणाऱ्यांनी त्या पाडल्या. मराठीत गाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल रेघेला चाकोरी म्हणतात. माउदाखच्या काठी आज जो सायकल चालवतो तो दुसऱ्याच्या चाकोरीतून जात असतो, आणि ती कुणाची हे ठाऊक असलं तर त्या वाटेचा प्रत्येक चढ वेगळा लागतो.

यातल्या सर्वांत जुन्या चाकोऱ्या खाडीपासून दूर, डोंगरात आहेत. सार्न हेलेन नावाने ओळखला जाणारा रोमन काळातला रस्ता कोइद अ ब्रेनिनच्या परिसरातून जातो. ११९८ मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंनी खाडीच्या माथ्याशी कमेर इथे मठ बांधला, तेव्हा तो रस्ता हजार वर्षांचा झाला होता. पण ज्यांच्या वाटा अजूनही जमिनीवर ठसठशीत दिसतात ते गुरांचे हेडी आणि त्यांच्याबरोबर चालणारे गुराखी.

खाडीच्या उत्तरेचा अर्दिदवी आणि त्याही पलीकडचा थ्लीन हे गवताळ, काळ्या गुरांचे प्रदेश. इथे माणसाकडे रोख पैसा कमी, जनावर मात्र होतं, आणि मांस खाणारी शहरं शेकडो मैल लांब इंग्लंडात होती. म्हणून गुरं पायी जात. शंभर-दोनशे जनावरांचा कळप, पुढे वाट माहीत असलेला माणूस, मागे कुत्री, आणि रोजची मजल दहा-पंधरा मैलांची. दगडी रस्त्यावर खुरं झिजू नयेत म्हणून निघण्याआधी प्रत्येक जनावराला पत्र्या मारत. खूर दुभंगलेलं असल्यामुळे एका पायाला दोन, म्हणजे एका जनावराला आठ पत्र्या. दोरीने पाय बांधून बैल आडवा पाडायचा, एकाने शिंगं धरायची आणि दुसऱ्याने खिळे ठोकायचे. आपल्याकडे साखर कारखान्याच्या हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्र्या मारताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. बदकं आणि हंससुद्धा असेच पायी बाजाराला जात. त्यांना आधी डांबरातून आणि मग वाळूतून चालवत, म्हणजे पायांना तळवे मिळत.

परतताना हेड्याकडे दुसऱ्यांचा पैसा असे. गावकऱ्यांची देणी भागवणं, भाडी पोचवणं, निरोप देणं ही कामं त्याच्याकडेच असत. दक्षिण वेल्समधल्या एका हेड्याने १७९९ मध्ये पेढी काढली आणि तिच्या नोटांवर काळ्या बैलाचं चित्र छापलं. लोक तिला काळ्या बैलाची बँकच म्हणत. गुराख्याच्या शब्दावर माणसं किती विसंबून होती, हे त्या नोटांवरून कळतं.

या लोकांची एक वाट बार्मथच्या वरच्या खिंडीतून जाते. तिचं नाव बुल्ख अ रिवगिर, हेड्यांची खिंड. पलीकडच्या उजाड खोऱ्यात पोंत स्केथिन नावाचा एका कमानीचा दगडी पूल आहे. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, गाडीरस्ता नाही. पूल मात्र शाबूत आहे, कारण हार्लेकहून लंडनकडे जाणारा जुना घोडागाडीचा रस्ता इथूनच जाई. पुलानंतरचा चढ इतका छातीवर येणारा आहे की बहुतेक सायकलवाले उतरून सायकल ढकलतात. त्या चढावर एक कोरीव दगड उभा आहे. एका मुलाने तो १९५३ मध्ये आपल्या आईसाठी बसवला. नजर मंदावली आणि सांधे आखडले तरी ती माउली वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ही डोंगरवाट चालत असे, असं त्यावर लिहिलं आहे. वाटसरूला धीर देणारे दोन शब्दही आहेत. चढाने धाप लागलेला माणूस तिथे थांबतो, वाचतो आणि पुन्हा हँडल धरतो.

अशा वाटेवर सायकल नेण्याचा हक्क कुठून आला, ही गोष्टही सांगायला हवी. इंग्लंड-वेल्समध्ये घोडेवाटा आणि पायवाटा कायद्याने वेगळ्या मानलेल्या आहेत. १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने घोडेवाटांवर सायकलला मुभा दिली. अट एकच, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. तेव्हा माउंटन बाइक हे नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियात मॅरिन परगण्यातली पोरं जाड टायरांच्या जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याची रिपॅक शर्यत लावू लागली ती १९७६ मध्ये. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनलेल्या माउंटन बाइक त्यानंतर आल्या. म्हणजे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी त्याच्यासाठी हजारो मैलांचं जाळं कायद्याने मोकळं करून ठेवलं होतं, आणि ते जाळं गुराख्यांनी आणि ओझ्याच्या घोड्यांनी विणलेलं होतं.

तसं पाहिलं तर कॅलिफोर्नियाच्या आधीही वेल्सच्या डोंगरांत सायकल चढतच होती. 'वेफेअरर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी १९१९ च्या मार्चअखेरीस, बर्फ पडत असताना, सोबत्यांसह बेर्विन डोंगररांग सायकलने ओलांडली आणि त्यावर लेख लिहिला. तो वाचून कित्येकांनी पक्क्या रस्त्यांचा नाद सोडला. १९५५ मध्ये अशाच वेड्यांनी 'रफ स्टफ फेलोशिप' ही संस्था काढली. लोकरी मोजे, चामडी बूट, एकाच गिअरची किंवा फार तर तीन गिअरची सायकल आणि पाठीवर ती उचलून नेण्याची तयारी, एवढ्यावर त्यांनी वेल्सच्या खिंडी पालथ्या घातल्या. माउंटन बाइकच्या इतिहासात कॅलिफोर्नियाला मोठा मान मिळतो, तो रास्तही आहे, पण या माणसांना त्यात एक पान मिळायलाच हवं.

डोंगरातल्या वाटा गुरांच्या होत्या, तशी खाडी ही गलबतांची वाट होती.

आज भरतीच्या पाण्यावर चार-दोन शिडाच्या होड्या दिसतात. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८६५ च्या आसपासपर्यंत याच काठावर तीनशेहून अधिक जहाजं बांधली गेली, हे ऐकून नवखा माणूस चकित होतो. एखादी मोठी गोदी नव्हती. काठावर जिथे उतार बरा तिथे पाठाण ठेवायचं, दोन्ही बाजूंच्या रानांतून ओकची लाकडं आणायची आणि मोठ्या भरतीला जहाज लोटायचं. कोकणात खाडीच्या तोंडाशी गलबतं बांधली जात तीही याच रीतीने. इथलं लाकूड मुख्यतः नान्नाय जहागिरीच्या रानातून येई. ती जहागीर वॉन घराण्याची. त्या रानात एक पोकळ ओक होता, त्याला लोक भुताचं झाड म्हणत. ओवाइन ग्लिंडूर या वेल्श राजाने आपल्याशी दगा करणाऱ्या भाऊबंदाचं प्रेत त्या ढोलीत टाकलं, अशी कथा. १८१३ मध्ये ते झाड पडलं. कथा अजून उभी आहे.

जहाजांतून जाई लोकरी कापड. खाडीच्या माथ्याचं डोल्गेथ्लाय हे विणकरांचं गाव. घरोघरी माग, ओढ्याओढ्यावर कापड कुटून घट्ट करणाऱ्या पाणचक्क्या. अशा चक्कीला वेल्शमध्ये 'पंडी' म्हणतात आणि सायकलवरून जाताना हा शब्द घरांच्या, वस्त्यांच्या नावांत आजही भेटतो. कापड जाडंभरडं, घोंगडीच्या जातीचं. या भागातल्या आणि शेजारच्या परगण्यांतल्या अशा कापडाला मोठं गिऱ्हाईक अटलांटिकपलीकडे होतं. तिथल्या मळ्यांवर गुलामांना घालायला जे स्वस्त, टिकाऊ कापड लागे त्यात वेल्सचं कापड नावाजलेलं होतं. विणणारी बाई गरीब, मेंढपाळ गरीब आणि ते कापड अंगावर चढे ते साखळीतल्या माणसाच्या. पाणचक्कीच्या पडक्या भिंतीवर शेवाळ छान दिसतं. तिथे थांबताना एवढं मनात असू द्यावं.

याच गावाजवळच्या ब्रिन माउर या शेतवाडीचा रोलंड एलिस क्वेकर पंथाचा होता. छळाला कंटाळून १६८६ मध्ये तो पेन्सिल्व्हेनियाला गेला आणि आपल्या वाडीचं नाव बरोबर घेऊन गेला. अमेरिकेतलं ब्रिन मॉर हे महिला महाविद्यालय त्याच नावाचं.

आणि मग आगगाडी आली.

ऑस्वेस्ट्रीचा थॉमस सॅव्हिन मूळचा कापडवाला. रेल्वेचे ठेके घेता घेता त्याला वेल्सच्या सगळ्या किनाऱ्याला रूळ आणि मोठी हॉटेलं बांधायचं स्वप्न पडलं. त्याच्या अ‍ॅबरिस्टविथ अँड वेल्श कोस्ट रेल्वेला माउदाखची खाडी आडवी आली. १८६५ मध्ये रूळ दक्षिण काठापर्यंत पोचले. उतारूंना तिथे उतरून तरीने बार्मथ गाठावं लागे. पूल बांधायचा तर तळाशी दगड कुठे लागेल याचा भरवसा नव्हता. नुसती वाळू आणि गाळ. असं सांगतात की एका गृहस्थाने या पुलावरून जाणारं पहिलं इंजिन आपण खाऊन टाकू अशी पैज लावली होती, आणि पूल झाल्यावर लोकांनी खरोखरच त्याच्यासाठी मेज मांडून इंजिन भाजून हवं की उकडून असं विचारलं. पूल १८६७ मध्ये खुला झाला. शेकडो लाकडी खांब वाळूत ठोकून शंभरावर गाळे उभे केले होते आणि जहाजांना आत जाता यावं म्हणून उत्तरेच्या टोकाला लोखंडी, सरकणारा भाग होता. सॅव्हिनचं दिवाळं मात्र १८६६ मध्येच निघालं. अ‍ॅबरिस्टविथला त्याने उभारलेलं अर्धवट हॉटेल पुढे वेल्सच्या पहिल्या विद्यापीठ-महाविद्यालयाची इमारत झालं.

या पुलाशी हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याचं नाव जोडलेलं आहे. मराठी वाचकाने इथे थांबावं, कारण हा माणूस मुंबईचा. म्हणजे जन्माने नव्हे, कामाने. पाणीटंचाईने आणि रोगराईने गांजलेल्या मुंबईला दूरच्या तलावातून नळाने पाणी आणता येईल हे त्याने हिशेब मांडून पटवलं. १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि मिठी नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून शहराची पहिली नळपाणी योजना उभी राहिली. कुलाब्याचं अफगाण चर्च, ज्याचा मनोरा बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून दिसे, त्याचा आराखडाही त्याचाच. तिकडून परतल्यावर त्याने वेल्सच्या रेल्वेमार्गांवर काम केलं. विहारचं पाणी मुंबईकर आजही पितो आणि बार्मथच्या पुलावरून आजही गाडी जाते. मिठी नदी माहीमच्या खाडीला कोणत्या अवस्थेत मिळते ते आपण जाणतोच. एकाच माणसाच्या हाताखालून गेलेल्या या दोन नद्यांची मुखं आज पाहिली तर मन विषण्ण होतं.

रेल्वेने खाडीचे जुने धंदे पाहता पाहता संपवले. जनावरं डब्यांतून जाऊ लागली, हेड्यांच्या खिंडीत गवत वाढलं. किनाऱ्याची मालवाहतूक रुळांवर गेली आणि गलबतं बांधणारे हात रिकामे झाले. त्याच गाड्यांतून शहरी पाहुणे येऊ लागले. कलासमीक्षक रस्किनला इथली खाडी आवडे, डार्विन १८६९ च्या उन्हाळ्यात काठावरच्या एका घरात सहकुटुंब राहिला होता. बार्मथची फॅनी टॅलबट ही जमीनमालकीण गावाच्या माथ्यावरची आपली टेकडी बंगल्यांसाठी विकली जाईल या धास्तीत होती. १८९५ मध्ये नुकत्याच निघालेल्या नॅशनल ट्रस्टला तिने दिनास ओलाय हा साडेचार एकरांचा काटेरी झुडपांचा उतार देऊन टाकला. आज लाखो एकर जमीन सांभाळणाऱ्या त्या संस्थेची ही पहिली जागा. तिथल्या वाटेवर उभं राहिलं की पूल, खाडी आणि समोरची डोंगरवाट एका नजरेत येते.

डोंगराच्या पोटातही काम चाललं होतं. बोंटदी गावाच्या वर क्लोगाय ही तांब्याची खाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे गारगोटीच्या शिरेत सोनं सापडलं आणि पुढची काही वर्षं माणसं झुंडीने या खोऱ्यात आली. पुढे १८८० च्या दशकात नदीच्या वरच्या अंगाला ग्विनवनिद खाणीने प्रिचर्ड मॉर्गन याला 'वेल्श सोन्याचा राजा' ही पदवी मिळवून दिली. १९२३ पासून ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नाच्या अंगठ्या क्लोगायच्या सोन्याच्या होऊ लागल्या. एकूण हिशेबात मात्र हे सोनं थोडं, आणि बुडालेल्या कंपन्यांची यादी लांब. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही खाणी बंद पडल्या.

सोन्याहून तांब्याची गोष्ट नवलाची आहे. कोइद अ ब्रेनिनमध्ये एक दलदलीचा तुकडा आहे. डोंगरातल्या तांब्यावरून झिरपणारं पाणी शतकानुशतकं तिथल्या पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरात, मुरत राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकांच्या लक्षात आलं की ही मातीच तांब्याने भरली आहे. त्यांनी कुदळीने पीट कापलं, वाळवलं, भट्टीत जाळलं आणि उरलेली राख गलबतांत भरून स्वान्सीच्या तांब्याच्या कारखान्यांना विकली. खाण खणण्याऐवजी चिखल जाळून तांबं काढलं. सायकलच्या वाटा आज या जंगलात अशा जुन्या खाणींच्या अंगावरून फिरतात. ग्विनवनिदच्या गिरणीच्या भिंतीही दोन धबधब्यांजवळ तशाच उभ्या आहेत.

हेच तांबं पुन्हा एकदा या खोऱ्याच्या मुळावर आलं होतं. १९७० च्या सुमारास रिओ टिंटो झिंक या बड्या कंपनीने जंगलात भोकं पाडून चाचण्या घेतल्या. उघडी खाण काढायचा बेत होता आणि शिवाय खाडीचा तळ उपसून वाळूतलं सोनं धुण्याचाही विचार चालला होता. जागा राष्ट्रीय उद्यानातली. तरीही सरकारने चाचण्यांना वाट करून दिली. फ्रेंड्स ऑफ द अर्थ या तेव्हा अगदी नव्या संघटनेने त्याविरुद्ध रान उठवलं. एमरी लव्हिन्स या तरुण अमेरिकन अभ्यासकाने १९७१ मध्ये या डोंगरांवर पुस्तक काढलं. अखेर १९७३ मध्ये कंपनीने माघार घेतली. ती न घेती तर आज जिथे माणसं सुट्टीत सायकल चालवतात तिथे एक प्रचंड खड्डा असता आणि खाडीत उपसा करणाऱ्या यंत्रांची घरघर. माउदाखच्या सौंदर्याचं श्रेय निसर्गाला देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्या तीन-चार वर्षांत सभा घेणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या माणसांनी ते सौंदर्य राखलं.

तोवर रेल्वेची एक शाखाही मेली होती. बार्मथहून खाडीच्या दक्षिण काठाने डोल्गेथ्लायला आणि पुढे इंग्लंडला जाणारा मार्ग, तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करायला सुचवणाऱ्या डॉक्टर बीचिंग यांच्या कुऱ्हाडीखाली आला. १९६४ च्या डिसेंबरातल्या पुराने आधीच रूळ वाहून नेले आणि १९६५ च्या जानेवारीत मार्ग कायमचा बंद झाला. रूळ उचलले, स्लीपर विकले. उरला तो सरळ, सपाट, खडी घातलेला बांध. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला खाजण. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून त्या काळच्या मजुरांनी खडक फोडून तो समपातळीत ठेवला होता, आणि लहान मुलाच्या सायकललाही नेमकं हेच हवं असतं. राष्ट्रीय उद्यानाने त्याची चालण्या-सायकलची वाट केली. बार्मथ ते डोल्गेथ्लाय साडेनऊ मैलांची, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटरची ही माउदाख ट्रेल. वेल्सच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत जाणारा सायकलमार्गही काही अंतर तिच्यावरून जातो.

वाटेत पेनमाइनपूल लागतं. १८७९ चा लाकडी टोलपूल, रेल्वेची जुनी सिग्नल केबिन आणि पाण्याकाठचं जॉर्ज द थर्ड हॉटेल. इथल्या पाहुण्यांच्या वहीसाठी जेरार्ड मॅनली हॉपकिन्सने १८७६ मध्ये कविता लिहिली होती. दुपारच्या उन्हात तिथे सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात, माणसं चहा पीत पाण्याकडे पाहत बसतात. २२ जुलै १९६६ ला बार्मथहून सहलीला निघालेली एक होडी भरतीच्या ओढीने याच पुलाच्या खांबावर आदळली आणि पंधरा माणसं बुडाली. काठ दगड टाकला तर पोचेल इतका जवळ होता. खाडीचं पाणी दिसतं तेवढं निवांत नसतं, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारावं.

आता ज्या वाटा सायकलसाठीच काढल्या त्यांच्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाचा तुटवडा जाणवला म्हणून १९१९ मध्ये वनआयोग स्थापन झाला. १९२० च्या दशकात त्याने वॉन घराण्याच्या जहागिरीतलं रान घेतलं आणि जुन्या ओकच्या जागी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या. १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त त्याला कोइद अ ब्रेनिन, राजाचं रान, हे नाव दिलं. लाकूड ओढायला काढलेले खडीचे रस्ते हीच तिथली नवी चाकोरी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाविद डेव्हिस हा वनखात्याचा माणूस या रानात सायकलवाल्यांना काय हवं आहे याचा विचार करत होता. लाकडाच्या रस्त्यावरून सायकल चालवण्यात मजा नाही आणि चिखलातून चालवली तर पावसाळी वेल्समध्ये वाट महिन्याभरात गटार होते. त्याने जुन्या घोडेवाटा आणि खाणवाटा नीट पाहिल्या. दोनशे वर्षं पाऊस खाऊनही त्या टिकल्या होत्या, कारण बांधणाऱ्यांनी दगड उभे, एकमेकांत घट्ट रोवून बसवले होते आणि पाणी वाटेवर रेंगाळू न देता आडवं काढून दिलं होतं. डेव्हिसने तीच रीत उचलली. थोडा पैसा, स्वयंसेवकांचे हात आणि जागेवरचाच कठीण दगड. झाडांमधून वळणं घेत जाणारी, हातभर रुंदीची, दगडाने मढवलेली वाट तयार झाली. ती बाराही महिने चालू राही. ब्रिटनमधलं खास माउंटन बाइकसाठी बांधलेलं हे पहिलं केंद्र मानलं जातं.

पैसा कमी पडला तेव्हा एका मार्गाला रेड बुल पेयाच्या कंपनीने हात दिला आणि त्याला तिचं नाव मिळालं. पुढे ते वेल्श होऊन नुसतं 'तारू' उरलं, म्हणजे वळू. ज्या मुलखातून काळी गुरं पत्र्या मारून इंग्लंडला जात त्याच मुलखात आता माणसं हेल्मेट घालून वळूवर निघतात. त्याच्या जोडीला ड्रॅगनची पाठ आणि ब्रेनिनचं श्वापद अशा नावांचे लांब, कठीण मार्ग आले. नवशिक्यांसाठी हिरव्या-निळ्या खुणांच्या वाटा आल्या, पट्टीच्या लोकांसाठी लाल आणि काळ्या. मग वेल्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये अशी केंद्रं एकामागून एक निघाली. गुरांच्या तोंडखुरीच्या २००१ मधल्या साथीने डोंगर बंद केले आणि गावांचं पर्यटन आडवं झालं. त्यानंतर तर प्रत्येक डोंगराळ जिल्ह्याला आपली एक सायकलवाट हवीशी झाली.

लाकूड, गाळ आणि पाणी यांच्याशी माणसाचा जुना झगडा मात्र संपलेला नाही. १९८० मध्ये बार्मथच्या पुलाची तपासणी झाली तेव्हा पाण्याखालचे खांब समुद्री किड्याने आतून पोखरलेले निघाले. लाकडी गलबतांचा हा सनातन वैरी. इंजिनांना पुलावर काही वर्षं बंदी झाली आणि सगळा किनारामार्गच बंद करावा असं बोललं जाऊ लागलं. लोकांनी तो वाचवला. २०२० ते २०२३ या काळात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. लाकडाच्या जागी लाकूडच घातलं आणि जुने लोखंडी गाळे उतरवून त्याच घडणीचे नवे पोलादी गाळे बसवले. काँक्रीटचा पूल स्वस्त पडला असता असं म्हणणारे भेटतात. फळ्यांवरून एकदा चाक गेलेला माणूस तसं म्हणणार नाही.

जंगलात याच्या उलट घडलं. कोइद अ ब्रेनिनचं पर्यटक केंद्र २०२५ च्या मार्चअखेर खर्चाच्या कारणाने बंद करण्यात आलं. वाटा खुल्या आहेत, पण जिथे चिखलाने माखलेली माणसं गरम सूप घेत एकमेकांना उतारांच्या गोष्टी सांगत ती जागा गेली. स्थानिक लोकांनी ती आपल्या हाती घेण्यासाठी धडपड चालवली आहे. ज्या रानाने सगळ्या देशाला हा खेळ दिला, त्याच्या वाट्याला कुलूप यावं हे मनाला लागतं.

आणि खाडीच्या तोंडाशी फेअरबोर्न आहे. पिठाच्या धंद्यातल्या मॅकडूगल घराण्यातल्या एकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाजणावर वसवलेलं गाव. विटा वाहायला घातलेली त्याची छोटी ट्रामगाडी पुढे पर्यटकांची खेळण्यातली रेल्वे झाली. समुद्राची पातळी चढते आहे आणि हे गाव कायमचं राखता येणार नाही, असं किनारा-व्यवस्थापनाच्या आराखड्याने दहा-बारा वर्षांपूर्वी नोंदवलं. तेव्हापासून तिथल्या घरांवर कर्ज मिळणं कठीण झालं. माणसं तिथेच आहेत, बागा राखतात, दुकान उघडतात. त्याच पाण्याच्या काठाने रेल्वेचा जुना बांध, म्हणजे आजची सायकलवाट, पुढे जाते. वादळी भरतीला लाटा तिच्यावर चढतात, खडी वाहून जाते, मग पुन्हा माणसं येतात आणि खडी पसरतात.

जिथे जुना मार्ग मुख्य रुळांपासून फुटे तिथे मोर्वा माउदाख स्टेशन आहे. मोर्वा म्हणजे खाजण. पूर्वी हे बार्मथ जंक्शन होतं, इथे गाड्या बदलत, सामान उतरत, हमाल ओरडत. आता एकच फलाट वापरात आहे आणि गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही. संध्याकाळी डोल्गेथ्लायकडून आलेले सायकलवाले तिथे उभे असतात, पायांवर वाळलेला चिखल, चाकांत गवताची काडी अडकलेली. वळणावर गाडीचे दिवे दिसले की त्यातला एक पुढे होतो आणि हात वर करतो.